कुले द सेराँ : सात हेक्टरांचा मळा

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रान्सच्या पश्चिम भागात आँजे नावाचे शहर आहे. त्याच्या नैर्ऋत्येला, लुआर नदीच्या उजव्या काठावर साव्हेनिएर हे लहानसे गाव वसले आहे. या गावाच्या हद्दीत, नदीच्या दिशेने उतरत जाणाऱ्या टेकडीवर, जेमतेम सात हेक्टरांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वासतरा एकरांचा एक द्राक्षमळा आहे. त्याचे नाव कुले द सेराँ. नाशिकच्या द्राक्षांना जसे भौगोलिक मानांकन आहे, तसे मानांकन फ्रान्समधल्या वाइनला फार पूर्वीपासून मिळत आले आहे. एकेका मानांकनाखाली बहुधा शेकडो शेतकरी असतात. कुले द सेराँचे मानांकन मात्र या एका मळ्यापुरते आहे आणि तो सबंध मळा जोली नावाच्या एकाच कुटुंबाच्या मालकीचा आहे. सगळ्या फ्रान्समध्ये अशी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडतील.

या टेकडीवर पहिली लागवड सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती भिक्षूंनी ११३० साली केली, असे मानले जाते. तेव्हापासून आजपर्यंत या जमिनीत द्राक्षाखेरीज दुसरे पीक घेतले गेलेले नाही. शेजारीच ला रोश-ओ-मुआन या किल्ल्याचे अवशेष आहेत. इंग्लंडच्या जॉन राजाने १२१४ साली या किल्ल्याला वेढा घातला होता, पण फ्रान्सचा युवराज लुई सैन्य घेऊन येत असल्याचे कळताच त्याला तो उठवावा लागला. पुढे चौदावा लुई हा मळा पाहायला निघाला आणि त्याची बग्गी चिखलात रुतली, अशीही एक कथा सांगतात. ती कथा म्हणूनच ऐकावी. याउलट, क्युर्नॉन्स्की या नावाने लिहिणारे विसाव्या शतकातील विख्यात खाद्यसमीक्षक, जे स्वतः आँजेचेच होते, त्यांनी फ्रान्सच्या सर्वोत्तम पाच पांढऱ्या वाइनमध्ये कुले द सेराँची गणना केली, हे मात्र खरे आहे.

जोली कुटुंबाने हा मळा १९६२ साली विकत घेतला. त्यांचा मुलगा निकोला याचा जन्म १९४५चा. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन तो न्यूयॉर्क आणि लंडन येथे बँकेत नोकरी करत होता. १९७७ साली ती नोकरी सोडून तो घरी परतला. शेतीचा अनुभव नसलेला, पण हिशेबात तरबेज असलेला हा तरुण सल्लागारांच्या सांगण्यावरून तणनाशके वापरू लागला, कारण त्यामुळे मजुरीत मोठी बचत होणार होती. पुढे काय झाले ते निकोला जोली यांनी अनेकदा सांगितले आहे. दोनेक वर्षांतच मातीचा रंग बदलला, किडे दिसेनासे झाले आणि मळ्यात नेहमी आढळणारे तित्तिर पक्षी नाहीसे झाले. बचत कागदावर दिसत होती, जमिनीवर मात्र उलटेच घडत होते.

याच सुमारास ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांच्या विचारांवर आधारलेल्या शेतीविषयीचे एक पुस्तक त्यांच्या हाती पडले. स्टायनर यांनी जून १९२४मध्ये कोबरविट्झ येथे, जे आज पोलंडमध्ये आहे, शेतकऱ्यांपुढे व्याख्याने दिली होती आणि त्यांतून बायोडायनॅमिक, म्हणजे जैवगतिक, शेतीची पद्धत निघाली. जोली यांनी १९८०च्या सुमारास काही भागात तिचे प्रयोग सुरू केले आणि १९८४पर्यंत सगळा मळा त्या पद्धतीखाली आणला. या पद्धतीतील सर्वांत चर्चिली जाणारी कृती आपल्याकडच्या शेतकऱ्याला मुळीच परकी वाटणार नाही. गाईचे ताजे शेण गाईच्या शिंगात भरून ते शिंग हिवाळ्याच्या तोंडाशी जमिनीत पुरतात आणि वसंतात उकरून काढतात. तोवर शेणाचा वास जाऊन ते काळसर, भुसभुशीत झालेले असते. हेक्टरी सुमारे शंभर ग्रॅम शेण पाण्यात कालवून तासभर ढवळतात, आधी एका दिशेने आणि भोवरा तयार झाला की उलट दिशेने. नंतर ते पाणी संध्याकाळी जमिनीवर शिंपडतात. जीवामृत करणारा विदर्भातला शेतकरी हे ऐकून बहुधा एवढेच विचारेल, की एवढ्याशा शेणाने होते काय?

प्रश्न रास्त आहे. शिंगाच्या या विधीला किंवा या पद्धतीतल्या ग्रहनक्षत्रे पाहून कामे करण्याला भक्कम शास्त्रीय आधार मिळालेला नाही, आणि जोली यांचे वैश्विक शक्तींविषयीचे विवेचन मलाही पटत नाही. पण म्हणून बाकीचे काम दृष्टीआड करता येत नाही. मळ्याचा चढ इतका उभा आहे की काही भागांत घोड्यांनीच नांगरट करावी लागते. नांगरायला घोडे आहेत, खतासाठी गाई आहेत आणि तणनाशक बंद आहे. माती पातळ, दगडगोट्यांची आणि शिस्ट खडकाची असल्यामुळे वेलीला मुळे खोल न्यावी लागतात, आणि ती खोल जाण्यासाठी वरच्या थरात फुकटचे अन्न नसलेलेच बरे. रोगांवर मात्र तांबे आणि गंधक वापरण्याची मुभा या पद्धतीतही आहे. आपल्या बागायतदारांना ठाऊक असलेले मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रणही याच फ्रान्समधून आलेले आहे.

आता द्राक्षाकडे वळू. या मळ्यात फक्त शेनिन ब्लाँ ही एकच जात आहे. लुआर खोरे हे तिचे माहेर आणि नाशिक हे तिचे अलीकडचे सासर. नाशिक जिल्ह्यात पांढऱ्या वाइनसाठी लावल्या जाणाऱ्या मुख्य जातींपैकी ती एक आहे. पण दोन्हीकडचे वर्ष अगदी वेगळे असते. साव्हेनिएर साधारण सत्तेचाळीस उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे वेल हिवाळ्यात झोपते, तेव्हाच एकदा छाटणी होते आणि फळ शरदात पिकते. नाशिक विसाव्या अक्षांशावर आहे. तेथे वेल आपणहून झोपत नाही, म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावर फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. वाइनच्या द्राक्षांची तोडणी मग जानेवारी ते मार्चमध्ये येते, दिवस तापू लागण्याआधी, आम्लता टिकवण्याच्या घाईने.

जोली कुटुंबाची रीत नेमकी याच्या उलट, वाट पाहण्याची. एकाच वेळी सगळे घड न उतरवता तीन-चार आठवड्यांत चार ते पाच वेळा तोडणी होते आणि दर खेपेला मणी सोनेरी झालेलेच घड काढले जातात. काही मण्यांवर बॉट्रायटिस बुरशी चढलेली असली तरी चालते, कारण ती मण्यातले पाणी कमी करून रस घट्ट करते. आपल्या बागेत बुरशी दिसली की बागायतदाराची झोप उडते. येथे ती बेताने हवी असते. उत्पादन हेक्टरी वीस ते पंचवीस हेक्टोलिटर, म्हणजे दोन ते अडीच हजार लिटर एवढेच निघते. रस आंबतो तो द्राक्षांवरच्या नैसर्गिक यीस्टने, जुन्या लाकडी पिंपांत, तापमानावर कृत्रिम नियंत्रण न ठेवता. तयार होणारी वाइन गोड नसते, पण तिच्यात अल्कोहोल भरपूर, बहुधा चौदा टक्क्यांच्या पुढे असते.

अशा पद्धतीत जोखीम उघड आहे. बाटली वर्षागणिक वेगळी उतरते. काही जाणकारांना ती जड वाटते, काहींना हवेने अधिकच मुरलेली वाटते आणि एवढ्या महागड्या बाटलीत खात्री मिळायला हवी, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. मला वाटते, भागधारकांना दर तिमाहीला जाब देणाऱ्या कंपनीला ही जोखीम पेलली नसती. जमीन, घर आणि नाव तिन्ही आपलेच असले, तर एखाद्या वर्षाचे पीक पावसाच्या भरवशावर आणखी आठवडाभर वेलीवर ठेवता येते, कारण नुकसान झालेच तर ते घरातच मुरते. २००१ साली जोली यांनी समविचारी उत्पादकांचा एक गट उभा केला. त्याच्या अटींत रासायनिक तणनाशकांना जागा नाही.

मळ्याच्या कामाची आणि वाइन तयार करण्याची जबाबदारी आता त्यांची कन्या व्हर्जिनी सांभाळते. शेजारच्या क्लो द ला बेर्जरी आणि ले व्ह्यू क्लो या आणखी दोन पांढऱ्या वाइनही हेच कुटुंब करते, त्या तुलनेने स्वस्त असतात. कुले द सेराँची बाटली कोणी उघडलीच, तर घराण्याची सूचना अशी आहे की ती एक दिवस आधी दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवावी, बर्फासारखी गार न करता चौदा अंशांच्या आसपास द्यावी आणि उरलेली वाइन पुढचे काही दिवस रोज थोडी चाखून पाहावी. नमस्कार.