मोकुम, म्हणजे मुक्काम

(ट्रामची घंटा. एकमेकींना खेटून उभ्या विटांच्या चार इमारती.)

अ‍ॅम्स्टरडॅमच्या ज्यूंनी आपल्या शहराला एक घरगुती नाव दिलं होतं, मोकुम. मूळ हिब्रू शब्द 'माकोम', म्हणजे ठिकाण. अरबीतून मराठीत आलेल्या 'मुक्काम'चा हा सख्खा चुलतभाऊ. आज ज्यू नसलेले अ‍ॅम्स्टरडॅमकरही आपल्या शहराला लाडानं मोकुमच म्हणतात.

या चारही इमारती सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं होत्या. सर्वांत जुना १६७१चा, सर्वांत नवा १७५२चा. मधल्या गल्ल्यांवर काचेचं छप्पर घालून १९८७ साली ज्यू संग्रहालय आधीच्या जागेतून इथे आलं. आत पांढरा संगमरवरी हेखाल आहे. हेखाल म्हणजे 'तोरा' हा ज्यूंचा धर्मग्रंथ ठेवायचं कपाट. आपल्या कोकणातले बेने इस्राएलही हाच शब्द वापरतात.

युद्धाआधी या शहरात सुमारे ८० हजार ज्यू राहत. फेब्रुवारी १९४१मध्ये जर्मनांनी बाहेरच्याच चौकातून चारशेहून अधिक तरुण उचलून नेले. त्याच्या निषेधार्थ २५ तारखेला ट्रामवाले आणि गोदी कामगार संपावर गेले. चौकातला गोदी कामगाराचा पुतळा त्या संपाचा. पण पुढे छळछावण्यांत नेलेले बहुतेक ज्यू परतलेच नाहीत. १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात त्यांच्या ओस घरांचे जिने, दारं, तुळयासुद्धा लोकांनी जळणासाठी काढून नेल्या.

(एक चित्र. कॅमेरा स्थिर.)

इथे आम्ही बराच वेळ थांबलो. हे चित्र शार्लोट सालोमोनचं. ती बर्लिनची ज्यू चित्रकार. नाझींपासून पळून ती दक्षिण फ्रान्सला गेली आणि १९४० ते ४२ या काळात तिनं हजाराहून जास्त चित्रं काढली. काही चित्रांवर तिनं शब्दही रंगवले, सोबत कुठली धून ऐकायची तेही लिहिलं. सगळी मिळून एका घराची गोष्ट. १९४३ साली औशवित्झच्या छळछावणीत तिला मारलं, तेव्हा ती २६ वर्षांची होती, गरोदर होती. वडील हॉलंडमध्ये लपून वाचले. १९७१ साली तिची चित्रं त्यांच्याकडून या संग्रहालयात आली.

(रस्ता ओलांडून. मोठं दार.)

समोर १६७५चा पोर्तुगीज सिनेगॉग. इथला हेखाल ब्राझीलच्या लाकडाचा. प्रार्थना अजून चालते, पण मोठ्या दालनात वीज घेतलेली नाही. हजारेक मेणबत्त्या लावतात. फरशीवर बारीक वाळू पसरलेली असते, ओल टिपायला आणि बुटांचा आवाज होऊ नये म्हणून.

(वाळूवरची पावलं. आवाज नाही.)