आधी सेल्फचं ऐका

श्रोतेहो, नमस्कार.

पहाटे तीनची वेळ. पिकअपच्या हौद्यात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या रचून झाल्यात, वर ओलं गोणपाट टाकलंय, लिलावाआधी बाजार समिती गाठायचीय. किल्ली फिरवली, तर गाडी ढिम्म! मग काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. ड्रायव्हर, मालक, शेजारचे अण्णा, जो येईल तो एकदा किल्ली फिरवून बघतो. मूळ दोष राहतो बाजूला आणि चांगली बॅटरी मात्र बसते.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की दुसऱ्यांदा किल्ली फिरवण्याआधी पहिल्या वेळी काय ऐकू आलं ते आठवा. सेल्फने, म्हणजे स्टार्टर मोटरने, इंजिन फिरवलंच नाही, की फिरवलं पण इंजिनने पकडलं नाही? पहिली भानगड विजेची, दुसरी बहुतेक वेळा डिझेलची. सेल्फ फिरत नसताना डिझेल फिल्टर खोलून बसणारे महाभाग मी पाहिलेत.

आधी विजेचं बघू. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. हेडलाइट लावा, एकाला बाजूला उभं करा आणि सेल्फ मारा. ‘कट-कट-कट’ असा भराभर आवाज आला आणि दिवे पार मंदावले, तर बॅटरी उतरलीय किंवा तिचे टर्मिनल धरत नाहीयेत. दिवे लख्ख आहेत आणि एकच ‘कट्ट’ होऊन सगळं शांत, तर संशय सोलेनॉइडवर, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचवर, किंवा सेल्फच्या आत करंट पोचवणाऱ्या कार्बन ब्रशवर. आवाजच नाही, तर फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच बघा. काही नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, तेही ध्यानात असू द्या.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडा, मग लाल. गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पॉलिश पेपरने घासा, जोडताना लाल आधी, काळी शेवटी. हा क्रम का? काळी वायर जोडलेली असताना लाल बाजूचा पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते. आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेटणारा असतो.

एक साधा मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर, गाडीत ठेवाच. उभ्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12 च्या खाली गेली तर ती रिकामी समजा. सेल्फ मारताना काटा साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरी थकलीय. निफाडच्या थंडीत बॅटरी गेली म्हणतात, पण तिला खरं झिजवलेलं असतं उन्हाळ्याने. थंडीत इंजिनचं ऑइल घट्ट होतं, सेल्फला जोर जास्त लागतो आणि उन्हाळ्यातलं दुखणं तेव्हा उघडं पडतं.

आता ज्याच्यापायी फुकट बॅटऱ्या बदलल्या जातात तो दोष: अर्थिंग. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. सेल्फला लागणारा दोनशे-तीनशे अँपिअरचा करंट बॅटरीकडे परत जायला एक जाड पट्टी चेसिसपासून इंजिनपर्यंत टाकलेली असते. चिखल, पावसाचं पाणी, शेणखताची वाहतूक, यांनी ती पट्टी गंजते. बॅटरी नवी, दिवे झगझगीत, आणि सेल्फ मात्र मेल्यासारखा. परतीची वाट बंद झाली की करंट क्लचच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधूनही वाट काढतो. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागली तर समजून जा! परीक्षा सोपी आहे. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावा. सेल्फ गरकन फिरला, तर पट्टी बदला. बॅटरीला हात लावू नका.

सेल्फ झकास फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तेव्हा सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही. थंडीत हीटरचा, म्हणजे इंजिन आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगचा, पिवळा दिवा विझेपर्यंत थांबलात का? धूरच नाही, तर डिझेल पोचत नाहीय. टाकी कोरडी पडली होती का, की फिल्टर बदलल्यावर लाइनने हवा धरली? फिल्टरवरचा हातपंप घट्ट लागेपर्यंत दाबा. फिल्टरच्या तळाशी पाणी साचतं, ते खालचा स्क्रू सैल करून सोडा. जुन्या पंपाच्या गाडीत मिस्त्री इंजेक्टरचे, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाचे, नट ढिले करून हवा काढायचे. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जास्त दाबाच्या एकाच पाइपातून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नव्या गाडीत, हे चुकूनही करू नका. त्या पाइपात हजार बारच्या वर दाब असतो, डिझेलची धार कातडीतून आत शिरते. आणि हीटरच्या गाडीत इथरचा स्प्रे मारणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

इंजिन फिरतंय पण किल्लीचं चित्र असलेला दिवा लुकलुकतोय, तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, किल्ली ओळखत नाहीय. दुसरी किल्ली लावून बघा.

धक्का मारण्याचं म्हणाल, तर बॅटरी साफ मेलेली असेल तर कॉमन रेल गाडी धक्क्यानेही उठत नाही, कारण इंजेक्टर उघडणारा कॉम्प्युटरच जागा होत नाही. भरलेली पिकअप उतारावरून सोडण्याचा मोह तर नकोच. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा होतो.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट जाऊ द्या. आणि गाडी चालू झाली की लगेच निघू नका. बॅटरीवर मीटर लावा. 13.8 ते 14.4 दाखवत असेल तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर काम करतोय. साडेबाराच दाखवत असेल, तर बाजारात माल उतरवताना इंजिन बंद करू नका, आणि परतीच्या वाटेवर आधी वायरमनकडे थांबा.

नमस्कार.