बिल कोण भरणार आणि बिल किती होणार

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

उपचार सामान्य माणसाच्या आवाक्यात यावेत म्हणून सरकारने काय करावे, असा वाद आपल्याकडे सुरू झाला की तो थोड्याच वेळात एका प्रश्नावर येऊन थांबतो : पैसे कोणी भरायचे? सरकारने भरावेत असे म्हणणारे एका बाजूला आणि ज्याचे त्याने भरावेत असे म्हणणारे दुसऱ्या बाजूला, अशी सरळ विभागणी होते. निवडणुकांच्या जाहीरनाम्यांतही विमाकवचाचा आकडा तेवढा वाढत जातो. या वादाचा दुसरा अर्धा भाग मात्र सहसा बोलला जात नाही, आणि तो म्हणजे मुळात बिल किती व्हावे, ते कोण ठरवते आणि कशावरून ठरवते. आज मला प्रामुख्याने त्याविषयी बोलायचे आहे.

सरकारने आरोग्यात पडावे की पडू नये, हा प्रश्न महाराष्ट्रात केव्हाच मागे पडला आहे. पैसे नाहीत एवढ्या कारणाने कोणाही माणसाला उपचार नाकारले जाऊ नयेत, हे सूत्र देशाच्या आरोग्यव्यवस्थेची आखणी करण्यासाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी मांडले. त्यातून पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये आणि जिल्हा रुग्णालये अशी साखळी उभी राहिली. आज सरकार आरोग्यक्षेत्रात तीन नात्यांनी वावरते. ते स्वतः दवाखाने चालवते, खासगी रुग्णालयांकडून रुग्णांसाठी उपचार विकत घेते आणि बाजारासाठी नियमही करते. गेल्या दहा-बारा वर्षांत यांपैकी उपचार विकत घेणारे सरकार झपाट्याने मोठे झाले, दवाखाने चालवणारे सरकार मात्र त्या गतीने वाढले नाही. बिलाचे दुखणे इथे सुरू होते, असे मला वाटते.

उपचार विकत घेणाऱ्या सरकारपासून सुरुवात करू. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना हे नाव मिळाले आणि २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. दीड लाखाचे कवच पाच लाखांवर नेण्याचा आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही सामावून घेण्याचा निर्णय २०२३ चा. या योजनेमुळे हृदयावरच्या, मेंदूवरच्या आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रिया जमीन न विकता झालेली कुटुंबे आपल्यापैकी अनेकांच्या पाहण्यात असतील. योजनेची निंदा करणे सोपे आहे, पण ज्या घरातला माणूस तिच्यामुळे वाचला त्या घरासमोर ती निंदा टिकत नाही.

तरीही योजना चालते कशी, ते जरा जवळून पाहावे. रुग्णालयात आरोग्यमित्राचे, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या माणसाचे, टेबल असते. नातेवाईक तिथे शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवतात, नोंद होते, डॉक्टर आजार कोणत्या पॅकेजमध्ये, म्हणजे आधीच ठरवलेल्या एकत्रित दराच्या उपचारात, बसतो ते पाहतात, तपासण्यांचे अहवाल संगणकावर चढतात आणि मंजुरीची वाट पाहिली जाते. मंजुरी आली की दाखल झाल्यापासूनचा खर्च, औषधे, जेवण आणि घरी सोडल्यानंतरचे दहा दिवस पॅकेजमध्ये येतात. काही मोठ्या आजारांच्या पाठपुराव्यासाठीही पॅकेजे आहेत. मात्र ज्याला रक्तदाब आहे, मधुमेह आहे, जो कधी दाखल होत नाही पण दर महिन्याला औषधाच्या दुकानात जातो, त्याच्यासाठी या टेबलावर काही नाही. आपल्या देशात बाह्यरुग्ण उपचारांचा मोठा खर्च औषधांवर होतो आणि तो थोडाथोडा, वर्षानुवर्षे होत राहतो. लाखाच्या शस्त्रक्रियेची बातमी होते, महिन्याच्या दीड हजाराच्या गोळ्यांची होत नाही.

दुसरी अडचण दराची आहे. पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि पैसेही वेळेवर मिळत नाहीत, अशी लहान शहरांतल्या डॉक्टरांची तक्रार आहे आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. स्वतःच्या कर्जावर वीस खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या सर्जनला सहा महिने थकलेले देयक सोसत नाही. उलट बाजूने रुग्णांची तक्रार अशी, की ‘हे पॅकेजमध्ये बसत नाही’ असे सांगून वरचे पैसे मागितले जातात. दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. दर तोकडा असेल तर उरलेली रक्कम कोणाच्या तरी खिशातून निघणार, आणि आजारी माणसाचा खिसा सर्वांत जवळचा. अशा वेळी योग्य दर कोणता, हे ठरवणाऱ्याकडे स्वतःचा हिशेब असावा लागतो. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला धागा, भूल, परिचारिकेचे तास आणि वीज धरून किती खर्च येतो, हे जो स्वतः ती शस्त्रक्रिया रोज करतो त्याला अचूक कळते.

आता नियम करणारे सरकार. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटच्या, म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळीदार नळीच्या, किमतीवर मर्यादा घातली. साध्या धातूच्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषधवेष्टित स्टेंटसाठी २९,६०० रुपये, अधिक कर. त्याआधी औषधवेष्टित स्टेंट लाखाच्या वर विकला जात असे. एका वकिलाने दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली नसती तर हे कधी झाले असते, कोण जाणे. आदेशानंतर काही परदेशी कंपन्यांनी आपले नवे स्टेंट भारतीय बाजारातून मागे घेण्याची परवानगी मागितली. किंमत बांधली की नवे तंत्रज्ञान येत नाही, हा आक्षेप घेणाऱ्यांना तिथे पुरावा सापडला. त्या आक्षेपात तथ्य आहे. परंतु अँजिओप्लास्टी बंद पडल्या नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

या प्रकरणातून उघड झालेली गोष्ट किमतीपेक्षा महत्त्वाची होती. बाजारात स्पर्धा असली की भाव उतरतात, असे आपण शाळेपासून ऐकतो. रुग्णालयातल्या सुया, सिरिंज, हातमोजे, सलाइनचे सेट यांच्या बाबतीत ते उलटे घडते. या वस्तू निवडतो डॉक्टर किंवा रुग्णालयाचा खरेदी विभाग, पैसे भरतो रुग्ण. वस्तूवर छापलेली कमाल किंमत रुग्णाकडून घेतली जाते, रुग्णालयाला मात्र ती वस्तू कितीतरी कमी किमतीत मिळते. मधला फरक रुग्णालयाचा. साहजिकच ज्या कंपनीची छापील किंमत जास्त, तिच्या मालात रुग्णालयाचा नफा जास्त, आणि म्हणून कंपन्यांची चढाओढ छापील किंमत वाढवण्यात लागते. दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिले प्राधिकरणाने तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेल्याचे २०१८ साली जाहीर झाले. रुग्णाने भाव करावा म्हणावे, तर अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभा असलेला मुलगा हातमोज्यांचा भाव करत नाही. तो फक्त कुठे सही करायची ते विचारतो.

कोविडमध्ये आपल्या राज्याने याहून पुढचे पाऊल टाकले. २०२० च्या मे महिन्यात खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर सरकारने बांधून दिले. साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरविना अतिदक्षता विभागासाठी ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. अनेक बिलांत खाटेचा दर अगदी नियमाप्रमाणे दिसू लागला आणि खाली पीपीई किटची, ‘इतर’ची आणि तपासण्यांची ओळ फुगली. महापालिकांनी बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले, त्यांनी काही ठिकाणी रुग्णांना पैसे परत करायला लावले. कोविड नसलेल्या रुग्णांचे दर ठरवण्याचा अधिकार सरकारला नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच वर्षी म्हटले. म्हणजे साथ ओसरली की दरनियंत्रणही ओसरणार होते. २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक झाले. फलक लावण्याची सक्ती झाली, पण फलकावरचा दर वाजवी आहे का, हे पाहण्याची तरतूद झाली नाही.

धर्मादाय रुग्णालयांचा विषय इथेच घ्यायला हवा, कारण त्यात नियम, जमीन आणि करसवलत या तिन्हींची गाठ पडली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखायच्या असतात. रुग्णांच्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते आणि अशा रुग्णाला दाखल करताना अनामत मागायची नसते. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत. प्रत्यक्षात खाट रिकामी आहे की नाही हे रुग्णालय सांगणार, निधी संपला की नाही हेही रुग्णालयच सांगणार, आणि उत्पन्नाचा दाखला आणायला नातेवाइकाने तहसील कचेरीत जायचे. राष्ट्रीय नमुना पाहणीचा २०१७-१८ चा देशभराचा आकडा यावर चांगला प्रकाश टाकतो. एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, खासगीत ३१,८४५ रुपये आणि धर्मादाय किंवा न्यासाच्या रुग्णालयात २४,४५२ रुपये. हा आकडा साऱ्या देशाचा असला तरी धर्मादाय या शब्दावर किती भिस्त ठेवायची, ते त्यावरून कळावे.

याच आकड्यांत माझ्या प्रतिपादनाचा गाभाही आहे. सरकारी आणि खासगी खर्चात सातपटीचा फरक आहे. सरकारी रुग्णालयात रुग्णाला कमी भरावे लागते ते अर्थातच करदात्याने आधी भरलेले असते म्हणून, हे मी लपवत नाही, आणि दोन्हीकडचे आजारही सारखे नसतात. पण ज्या तालुक्यात ग्रामीण रुग्णालयात सिझेरियन चोवीस तास होते, त्या तालुक्यातल्या खासगी प्रसूतिगृहाला दर वाढवताना विचार करावा लागतो. भूलतज्ज्ञाची जागा रिकामी झाली की तो विचार संपतो. सरकारी दवाखाना चालू असणे, हेच दरनियंत्रण आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की सरकारी दवाखाने चालतच नाहीत. जिल्हा रुग्णालयात औषध नसते, डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि नातेवाईक समोरच्या दुकानात धावतात. हे मी नाकारत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचार मोफत झाले, पण फडताळात औषध नसेल तर त्या मोफतला अर्थ काय? मात्र यावर उपाय नाही असे नव्हे. तमिळनाडूने १९९० च्या दशकाच्या मध्यात औषध खरेदीचे स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. निविदा एकत्र, प्रत्येक मालाची प्रयोगशाळेत तपासणी, आणि प्रत्येक रुग्णालयाच्या हाती एक पासबुक, ज्यात त्याच्या वाट्याची रक्कम लिहिलेली. रुग्णालयाने आपल्या गरजेप्रमाणे गोदामातून औषध उचलायचे आणि पासबुकात नोंद करायची. राजस्थानने २०११ मध्ये याच वाटेने मोफत औषध योजना उभी केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये खरेदी हाफकिन या राज्य सरकारच्याच कंपनीकडे सोपवली, ती रखडली, आणि २०२३ मध्ये कायदा करून नवे प्राधिकरण आणले. तमिळनाडूने जे केले त्यात अवघड असे काही नव्हते, चिकाटी तेवढी होती. आपल्याकडे सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण आणि महापालिका अशा तीन मालकांच्या हाताखाली रुग्णालये विभागली आहेत, ही आणखी एक गुंतागुंत. २०२३ ची मोफत सेवा एका विभागाची, म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलेल्या माणसाला ती का मिळत नाही, हे समजावून सांगणे कोणालाच सोपे जात नाही.

पैशाचे काय? राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये सार्वजनिक खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोविडचा खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी एकूण आरोग्यखर्चात लोकांनी खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा ३९.४ टक्क्यांवर आला, जो २०१३-१४ मध्ये ६४.२ होता. ही घट स्वागतार्ह आहे, जरी तिच्या गणनेवर काही अर्थतज्ज्ञांचे आक्षेप असले तरी. राज्यांनी अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्याला द्यावी, असे पंधराव्या वित्त आयोगाने सुचवले. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली आहे, आणि हे राज्य गरीब आहे असे तर कोणी म्हणणार नाही.

पण नुसता पैसा वाढवण्याआधी आहे तो कुठे वळतो, हे पाहावे असे मला वाटते. जनआरोग्य योजनेत सरकारी रुग्णालयेही सहभागी होऊ शकतात आणि केलेल्या उपचारांचे पैसे त्यांना मिळतात. नाशिक आणि अमरावती येथे सार्वजनिक आरोग्य विभागाची संदर्भ सेवा रुग्णालये आहेत, जिथे हृदय, मूत्रपिंड अशा मोठ्या आजारांवर उपचार होतात. योजनेचे दावे अशा रुग्णालयांनी जितके जास्त करावेत, तितका पैसा त्यांच्याच यंत्रसामग्रीत आणि माणसांत परत येतो. त्यांचा प्रत्यक्ष खर्च दरवर्षी प्रसिद्ध केला, तर खासगी रुग्णालयांशी पॅकेजचा दर ठरवताना सरकारच्या हाती काहीतरी ठोस असेल आणि दर परवडत नाही म्हणणाऱ्या डॉक्टरालाही आपले म्हणणे आकड्यांनी सिद्ध करता येईल. सध्या मराठवाड्यातला हृदयरुग्ण अनेकदा दूरच्या शहरातल्या खासगी रुग्णालयात जातो आणि त्याच्यामागे योजनेचा रुपयाही तिथेच जातो. अशी संदर्भ सेवा मराठवाड्यात आणि कोकणात कितपत मिळते, हे आपल्या आमदारांना विचारण्यासारखे आहे. आता आपले प्रश्न घेऊ.