गुरुवार, दुपारी साडेतीन

(दृश्य : मोनुमेंताल स्टेडियम, उद्घाटन सोहळ्याचं जुनं रंगीत चित्रीकरण)

१ जून १९७८. ब्यूनोस आयर्स. पांढऱ्या कपड्यांतली शेकडो शाळकरी मुलं-मुली मैदानभर धावतायत, थांबतायत, आणि त्यांच्या रांगांमधून अक्षरं उमटतायत. फुटबॉलचा अकरावा विश्वचषक सुरू होतोय. कबुतरं सोडली जातात. मग अर्जेंटिनाचा लष्करशहा जनरल होर्हे विदेला माइकसमोर येतो आणि शांततेवर बोलतो.

तुम्ही पाहताय ते चित्रीकरण रंगीत आहे, कारण ते परदेशासाठी होतं. या स्पर्धेसाठी सरकारनं राजधानीत नवंकोरं दूरचित्रवाणी केंद्र उभारलं. तिथून निघालेली रंगीत चित्रं जगभर पोचली. खुद्द अर्जेंटिनाच्या घरांत मात्र हेच सामने कृष्णधवल दिसले. तिथे रंगीत टीव्ही आला तो १९८० मध्ये. हा सोहळा कोणासाठी मांडला होता, याचं उत्तर इथेच मिळतं.

(दृश्य : प्लासा दे मायो, डच पथकाची फीत. मूळ आवाज काही क्षण तसाच ठेवावा)

तोच दिवस, तेच शहर. राष्ट्राध्यक्षांच्या गुलाबी प्रासादासमोरचा चौक. डोक्याला पांढरे रुमाल बांधलेल्या बायका कॅमेऱ्याभोवती गोळा झाल्यात. हे डच पत्रकार आलेत विश्वचषकासाठी. त्यांच्या संघाचा पहिला सामना दोन दिवसांनी, मेंदोसा शहरात आहे. पण आज, उद्घाटनाच्या दिवशी, ते इथे उभे आहेत.

एक बाई मायक्रोफोनपाशी येते. ती सांगते, आम्हाला फक्त आमची मुलं कुठे आहेत ते कळू द्या, जिवंत असोत की मेलेली. आम्ही हताश झालोय. तुम्हीच आमची शेवटची आशा आहात.

(दृश्य : चेहरे. निवेदन नाही)

(दृश्य : चौक, आजचा. फरशीवर रंगवलेले पांढरे रुमाल)

या बायका इथे का आल्या, हे सांगायला दोन वर्षं मागे जावं लागेल. २४ मार्च १९७६ ला लष्करानं सत्ता हातात घेतली. विश्वचषकाचं यजमानपद अर्जेंटिनाला १९६६ मध्येच मिळालं होतं. सेनाधिकाऱ्यांना ते आयतं हाती आलं. त्यांनी कॉर्दोबा, मेंदोसा आणि मार देल प्लाता इथे नवी स्टेडियमं बांधली, जुनी डागडुजी करून सजवली, देशाची प्रतिमा उजळायला एक अमेरिकी जनसंपर्क कंपनीही नेमली.

आणि त्याच काळात माणसं नाहीशी होऊ लागली. विद्यार्थी, कामगार पुढारी, शिक्षक, वकील, डॉक्टर. रात्री गाडी दाराशी थांबायची, साध्या वेशातले लोक घरात शिरायचे, उचलून न्यायचे. पोलीस ठाण्यात नोंद नाही, तुरुंगात नाव नाही, कोर्टात अर्ज केला तर तो फेटाळला जायचा. मानवाधिकार संघटना या बेपत्तांचा आकडा ३० हजार सांगतात.

आया ठाण्यांच्या, बराकींच्या, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत होत्या. रांगेत त्याच त्याच बायका भेटायच्या. ओळखी झाल्या. त्यांच्यातली एक, असुसेना व्हिलाफ्लोर, म्हणाली की असं एकेकटीनं काही होणार नाही, आपण सगळ्या मिळून चौकात जाऊ. ३० एप्रिल १९७७ ला १४ बायका इथे आल्या. तो शनिवार होता, चौकात चिटपाखरू नव्हतं. पुढच्या वेळी शुक्रवार ठरवला. शुक्रवार चांगला नाही, असं त्यांच्यातलीच एक म्हणाली, आणि मग गुरुवार पक्का झाला. वेळ दुपारी साडेतीनची.

(दृश्य : मे पिरॅमिडभोवती दोन-दोनच्या जोडीनं चालणाऱ्या बायका, जुनी छायाचित्रं)

देशात आणीबाणी होती, घोळक्यानं उभं राहायला बंदी. पोलीस येऊन दरडावायचे, इथे उभ्या राहू नका, चालायला लागा. मग त्या चालायला लागल्या. हातात हात घालून, दोघी-दोघी, चौकातल्या स्तंभाभोवती गोल. हुकूम मोडला नाही, आणि जागाही सोडली नाही. गुरुवारची ती फेरी अशी सुरू झाली.

डोक्यावरचा रुमाल थोडा नंतरचा. ऑक्टोबर १९७७ मध्ये लुहान या तीर्थक्षेत्राची मोठी पदयात्रा होती, लाखोंची गर्दी. त्या गर्दीत आपण एकमेकींना ओळखायचं कसं? काहीतरी सारखं हवं, आणि ते प्रत्येकीच्या घरात असलेलं हवं. घरोघरी जुने लंगोट होते. आपल्याकडे बाळंतपणाचे मऊ लंगोट-दुपटी आया जपून ठेवतात, पुढे नातवंडांना होतील म्हणून, तसेच. पांढऱ्या सुती कापडाचे ते तुकडे त्यांनी त्रिकोणी दुमडले आणि हनुवटीखाली गाठ मारली.

(दृश्य : रुमालावरची भरतकामाची अक्षरं, अगदी जवळून. निळा दोरा, एक नाव, एक तारीख)

नावं भरली गेली ती पुढच्या वर्षांत.

(दृश्य : सांता क्रूस चर्च)

आयांमध्ये एक गोरागोमटा तरुण येऊ लागला. माझा भाऊ बेपत्ता आहे, असं सांगायचा. आयांना त्याची काळजी वाटायची. पोरा, तू पुढे येऊ नकोस, तुलाही उचलतील, म्हणायच्या. तो नौदलाचा अधिकारी होता, आल्फ्रेदो आस्तिस. ८ डिसेंबर १९७७ ला या चर्चमधल्या बैठकीनंतर धरपकड झाली. दोन दिवसांनी असुसेनाला घराजवळून उचललं. तीन आया, दोन फ्रेंच ख्रिस्ती जोगिणी, आणखी सात जण, मिळून १२ माणसं गेली.

(दृश्य : एस्मा, म्हणजे नौदलाच्या यंत्रशाळेच्या आवारात उभं असलेलं स्कायव्हॅन विमान)

हे ते विमान. १४ डिसेंबर १९७७ च्या रात्री ते समुद्रावर गेलं. आत गुंगीचं औषध दिलेली, जिवंत माणसं होती, ती समुद्रात फेकली गेली. २०२३ मध्ये ते अमेरिकेतून शोधून परत आणलं, आणि इथे ठेवलं.

पुढच्या गुरुवारी चौकात बायका कमी होत्या. पण आल्या होत्या. सहा महिन्यांनी विश्वचषक सुरू झाला, तेव्हाही त्या फेरी घालत होत्या. कॅमेरा घेऊन आलेल्या परक्या माणसांना त्यांनी जे सांगितलं, त्यामागे हे सगळं होतं.

(दृश्य : लिबेर्तादोर मार्ग. एस्माची पांढऱ्या खांबांची इमारत. तिथून गाडीतून स्टेडियमपर्यंत, न कापता)

नौदलाची ही यंत्रशाळा, एस्मा. हिच्या आवारात सुमारे ५ हजार लोकांना डांबलं होतं. वाचले ते थोडेच. इथून मोनुमेंताल स्टेडियम चालत गेलं तर अर्ध्या तासाच्या आत येतं. म्हणूनच हा प्रवास आम्ही कुठेही न कापता दाखवतोय.

तिथल्या एका इमारतीच्या माळ्यावर, डोक्यावर टोपड्यासारखी पिशवी घातलेले कैदी जमिनीवर पडून असायचे. वाचलेल्यांनी साक्षीत सांगितलंय की गोल झाला की गर्दीचा आवाज वर ऐकू यायचा. काहींना पहारेकऱ्यांसोबत टीव्हीवर सामनेही दाखवले गेले. आणि त्यातल्या काहींनी हेही सांगितलंय की आपला देश जिंकावा असं आम्हालाही वाटत होतं. बाहेर बसून निकाल देणाऱ्यांनी हे आधी ऐकून घ्यावं.

(दृश्य : अंतिम सामना. कागदांचा पाऊस, केम्पेस)

२५ जून. अर्जेंटिना विरुद्ध हॉलंड. ७० हजारांहून अधिक प्रेक्षक, आणि हा कागदांचा पाऊस. रेडिओवरचा नामांकित समालोचक मुन्योस कागद फेकू नका, जगात शोभा होईल, असं सांगत होता. व्यंगचित्रकार कालोईचा क्लेमेंते हा वर्तमानपत्रातला लाडका पक्षी मात्र फेका म्हणत होता. लोकांनी क्लेमेंतेचं ऐकलं. ज्या देशात चौकात उभं राहायला मनाई होती, तिथे एवढी अवज्ञा लोकांनी उघडपणे, एका वेळी, सगळ्यांसमोर केली. हे दृश्य आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

बरोबरी असताना शेवटच्या मिनिटाला हॉलंडच्या रेन्सेनब्रिंकचा फटका खांबाला लागला. जादा वेळेत अर्जेंटिनाच्या केम्पेसचा गोल, मग बेर्तोनीचा. ३-१. विदेलानं कर्णधार पासारेलाच्या हातात चषक दिला.

(दृश्य : रस्त्यांवरचा जल्लोष, रात्र)

त्या रात्री एस्मातल्या काही कैद्यांना त्यांच्याच छळकर्त्यांनी गाडीत घालून हा जल्लोष बघायला नेलं. त्यांत ग्रासिएला दालेओ होती. तिनं गाडीचं छत उघडायला लावलं, उभी राहिली, डोकं बाहेर काढलं. चारही बाजूंना माणसंच माणसं, गाणी, झेंडे. मी बेपत्ता आहे, असं इथे ओरडले तरी कुणी ऐकणार नाही, हे तिला तेव्हा कळलं. तिनं ते पुढे अनेकदा सांगितलंय, कोर्टातही.

(दृश्य : पॅरिसमधली भित्तिपत्रकं, काटेरी तारेत अडकलेला चेंडू)

ही स्पर्धा पाहावी की नाही, यावर युरोपात वर्षभर वाद पेटला होता. फ्रान्समध्ये बहिष्कार समिती स्थापन झाली. जोगिणींच्या अपहरणानं तिथे संताप होताच. हॉलंडमध्ये फ्रेक दे यॉंगे आणि ब्राम फेरम्यूलेन या रंगमंचावरच्या जोडीनं, गोलखांबाला रक्त लागलंय, अशी मोहीम चालवली. पश्चिम जर्मनीत अॅम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेनं बहिष्काराची हाक दिली नाही. त्यांची घोषणा होती, फुटबॉल हवा, छळ नको. अर्जेंटिनातून पळून आलेल्यांमध्येही फूट होती. काहींना स्पर्धा रद्द व्हावीशी वाटत होती, काहींना ती व्हावी, परदेशी पत्रकार यावेत असं वाटत होतं. शेवटी एकाही देशानं संघ मागे घेतला नाही. हॉलंडचा नामांकित खेळाडू योहान क्रायफ आला नाही, पण तो निषेध म्हणून नव्हे. बार्सिलोनातल्या घरात त्याच्या कुटुंबावर बंदूक रोखून अपहरणाचा प्रयत्न झाला होता, हे त्यानंच २००८ मध्ये सांगितलं.

आमचं मत असं की बहिष्कारवाल्यांचे कष्ट वाया गेले नाहीत. त्यांनी महिनोन् महिने आरडाओरडा केला, म्हणूनच ब्यूनोस आयर्सला उतरलेल्या पत्रकारांना चौकाचा पत्ता ठाऊक होता. आणि पत्रकार तिथे उतरू शकले ते स्पर्धा झाली म्हणून. आयांना दोन्हींचा उपयोग झाला. पण ज्या करोडो प्रेक्षकांनी विदेलाच्या केंद्रातून आलेली रंगीत चित्रं तेवढी पाहिली, शिट्टी वाजल्यावर टीव्ही बंद केला, त्यांचा उपयोग फक्त विदेलाला झाला. फुटबॉल आवडणं हा दोष नव्हे. यजमानानं पुढे केलेल्या चित्रापलीकडे न पाहणं, हा दोष आहे, आणि तो सरकारचा नाही, प्रेक्षकाचा आहे.

(दृश्य : कोल्हापूर, पेठेतल्या गल्लीत आकाशी-पांढऱ्या पताका, खेळाडूंचे भले मोठे फलक)

हे आपल्याला लागू नाही असं समजू नये. विश्वचषक आला की कोल्हापूरच्या पेठा अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये वाटल्या जातात, गोव्यातही झेंडे लागतात. या आकाशी-पांढऱ्या रंगावर इथल्या पोरांचं खरं प्रेम आहे. ते तसंच राहावं. १९७८ चा चषक हाही त्याच जर्सीचा इतिहास आहे, तर ते पांढरे रुमालही तिच्याच इतिहासातले.

(दृश्य : न्यायालय, जुनी छायाचित्रं, झरझर)

लष्करशाही १९८३ मध्ये संपली. १९८५ मध्ये विदेलाला जन्मठेप झाली, १९९० मध्ये माफी मिळाली, पुढे पुन्हा शिक्षा झाली, आणि २०१३ मध्ये तो तुरुंगात मेला. किनाऱ्यावर वाहून आलेला असुसेनाचा देह निनावी पुरला गेला होता, २००५ मध्ये त्याची ओळख पटली. तिची रक्षा याच चौकात, स्तंभाच्या पायथ्याशी आहे.

(दृश्य : एस्तेला दे कार्लोतो आणि नातू, २०१४ ची पत्रकार परिषद)

अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, २६ जून १९७८ ला, कैदेतल्या लाउरा कार्लोतोला मुलगा झाला. बाळ काढून घेतलं, दोन महिन्यांनी तिला मारलं. तिची आई एस्तेला हिनं नातवाला ३६ वर्षं शोधलं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये तो सापडला. अशी १३० हून अधिक मुलं, आता मध्यमवयीन झालेली माणसं, एस्तेलासारख्या आज्यांनी शोधून काढलीत. काम सुरू आहे.

(दृश्य : चौक, गुरुवार. मग डच फीत पुन्हा, पूर्ण पडद्यावर)

१९७८ चा अंतिम सामना इंटरनेटवर सहज पाहायला मिळतो. ही डच फीतही मिळते, ती काही मिनिटांची आहे. आधी ती पाहा.