पन्नास रुपयांचा छापा-काटा

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कोरडवाहू शेतकरी नवं बियाणं घेत नाही, खत पुरेसं टाकत नाही, विहिरीला पैसा घालत नाही. असं का, असं विचारलं की एक उत्तर तयारच असतं: तो जोखमीला घाबरतो. पुढे हेही येतं की गरीब जास्त घाबरतो, म्हणूनच तो गरीब राहतो. शिकली-सवरलेली माणसं हे इतक्या सहज बोलून जातात की ते कधी कुणी तपासलं आहे का, असा प्रश्नच पडत नाही. ते तपासलं गेलं आहे, आणि तेही आपल्या सोलापूर-अकोल्यात.

हान्स बिन्सवँगर हे अर्थतज्ज्ञ सत्तरच्या दशकात हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत होते. सोलापूर, अकोला आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातला महबूबनगर या जिल्ह्यांतल्या काही गावांचा संस्था सातत्याने अभ्यास करत होती. तिथल्या 240 कुटुंबांत बिन्सवँगर यांनी जोखमीबद्दलची वृत्ती दोन पद्धतींनी मोजली. पहिली पद्धत मुलाखतीची: असं झालं तर काय कराल, तसं झालं तर काय निवडाल? दुसऱ्या पद्धतीत खरे पैसे समोर ठेवले आणि म्हटलं, निवडा.

दुसरी पद्धत कुठून आली, ते थोडक्यात सांगतो. हार्वर्डमध्ये एडवर्ड चेंबरलिन यांनी वर्गातच खोटा बाजार भरवला होता. 1948 साली त्यांनी त्याचे निष्कर्ष मांडले. बाजार पुस्तकात लिहिल्यासारखा वागत नाही, असं त्यांना दिसलं. त्यांचे विद्यार्थी व्हर्नन स्मिथ यांनी पुढे पर्ड्यू विद्यापीठात नियम बदलून तोच खेळ मांडला. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी: तुला ही वस्तू जास्तीत जास्त कितीला परवडते, किंवा कमीत कमी कितीला विकता येते. दुसऱ्याची चिठ्ठी कुणाला दिसत नाही, पण प्रत्येक बोली सगळ्यांना ऐकू येते, आणि बाजार पुन्हा पुन्हा भरतो. काही फेऱ्यांतच भाव मागणी-पुरवठ्याच्या सिद्धान्ताने सांगितलेल्या आकड्याजवळ येऊन ठेपला. 1962 साली हे काम प्रसिद्ध झालं, 2002 साली स्मिथ यांना नोबेल मिळालं. प्रायोगिक अर्थशास्त्राच्या या परंपरेने दोन नियम कटाक्षाने पाळले. भाग घेणाऱ्याच्या निर्णयावर त्याची खरी कमाई ठरली पाहिजे, आणि त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. दुसरा नियम मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. एकदा फसलेला माणूस पुढच्या वेळी प्रयोगाला उत्तर देत नाही, तो प्रयोग करणाऱ्याचा डाव ओळखत बसतो.

आता गावातला खेळ. समोर काही पर्याय असत. पहिला अगदी सुरक्षित: छापा पडो की काटा, 50 रुपये तुमचे. पुढच्यात एका बाजूला 45, दुसऱ्या बाजूला 95. त्यापुढे कुठे 30 आणि 150, कुठे 10 आणि 190. शेवटच्या पर्यायात एक तर शून्य, नाहीतर 200. शेवटची पायरी सोडली तर सरासरी मिळकत वाढत जाते, पण वाईट नाणं पडलं तर हाती येणारी रक्कम कमी होत जाते. सुरुवातीला मात्र सुरक्षित पर्यायाची रक्कम 50 पैसेच होती आणि बाकीचे आकडे त्याच प्रमाणात लहान. मग 5 रुपये, मग 50. सगळ्यात मोठं बक्षीस त्या काळच्या अकुशल मजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त होतं. एवढी रक्कम समोर असताना कुणी पाहुण्याला बरं वाटावं म्हणून निवड करत नाही.

पहिला निष्कर्ष पद्धतीबद्दलचा होता आणि तो बोचरा आहे. मुलाखत घेणारा कोण, यावर उत्तरं बदलत होती, आणि त्या उत्तरांचा खऱ्या पैशांच्या निवडीशी अजिबात मेळ बसत नव्हता. प्रश्नावल्या भरून शेतकऱ्याच्या मनाबद्दल अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा निष्कर्ष माणसांबद्दलचा. पैशांचा खेळ छोटा होता तेव्हा निवडी विखुरलेल्या होत्या; कुणी बिनधास्त, कुणी जपून. रक्कम वाढली तसे जवळजवळ सगळे मधल्या पर्यायांकडे सरकले: बेताने सावध. यात सधन आणि गरीब यांच्यात फारसा फरक नव्हता. संपत्तीने सावधपणा किंचित कमी होत होता, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल इतका नाही.

याचा अर्थ नीट पाहा. बागायतदार आणि दोन एकरवाला जोखमीकडे साधारण सारख्याच नजरेने पाहत असतील, तर एकाने गुंतवणूक केली आणि दुसऱ्याने केली नाही, याचं कारण स्वभावात सापडणार नाही. बिन्सवँगर यांनी 1980 साली हेच मांडलं: फरक अडचणींचा आहे. कर्ज कुणाला मिळतं, माल विकायची सोय कुणाला आहे, नव्या तंत्राची माहिती कुणापर्यंत पोचते. शेतकऱ्याची मानसिकता बदलायला निघालेल्यांनी आधी पतपुरवठ्याचा हिशेब मांडायला हवा.

या प्रयोगाची एक मर्यादा आहे, ती लपवणार नाही. यात कुणाच्या पदरचं काही जात नव्हतं. वाईटात वाईट म्हणजे शून्य. शेतात पाऊस फिरला की पेरणीचा खर्च बुडतो, वर उसनवारीचं व्याज चढतं. ते नुकसान गरीब माणसाला लावून बघायचं, हे कुठल्याच प्रयोगशाळेने करू नये. त्यामुळे पीकविम्याबद्दल बोलताना मी हे निष्कर्ष जपून वापरतो. पीककर्जाबद्दल बोलताना मात्र निःशंकपणे पुढे ठेवतो.