हेलियम विजयदुर्गावर सापडला? थांबा, फॉरवर्ड करू नका

नमस्कार मंडळी, आपल्या चॅनलवर परत एकदा स्वागत. आज आवाज जरा बसलाय, तेवढं सांभाळून घ्या.

तर नेटवर फिरता फिरता जे काही भारी सापडतं ते तुमच्यापुढे आणून ठेवायचं हा आपला नेहमीचा धंदा, पण आजचा विषय मी शोधलेलाच नाहीये, तोच दरवर्षी मला शोधत येतो. ऑगस्ट महिना आला की आमच्या घरच्या ग्रुपवर काका एक पोस्ट टाकतात. विजयदुर्गाचा ड्रोनवरून काढलेला फोटो, खाली भगव्या अक्षरांत लिहिलेलं, "तुम्हाला माहीत आहे का? १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यग्रहण पाहताना हेलियमचा शोध लावला!" आणि मग शेवटी ते ठरलेलं, प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा. मी पोचवलंय. खोटं कशाला बोलू, तीन ग्रुपवर पोचवलंय, वर अभिमानाचं स्टेटसही ठेवलं होतं.

मग एके वर्षी, कंटाळा आला होता म्हणून, म्हटलं बघू तरी हा लॉकियर कोण. आणि तिथून जे बाहेर आलं ना, ते त्या पोस्टपेक्षा कितीतरी जास्त मजेशीर आहे.

पहिली गोष्ट. १८ ऑगस्ट. कोकण. मला एक सांगा, कोकणातला कुठला शहाणा माणूस १८ ऑगस्टला आकाश बघायला किल्ल्यावर जाऊन बसेल? सूर्यग्रहण म्हणजे अमावस्या, आणि पंचांगाच्या हिशोबानं ती अमावस्या होती श्रावणाची, म्हणजे पोळ्याची. या दिवसात तिकडे सूर्य दिसला तर लोक घरात सांगायला जातात. सातासमुद्रापलीकडून पेट्या भरभरून यंत्रं आणायची आणि ती मांडायची कुठे, तर ऐन पावसात देवगड तालुक्यात? मला इथंच पहिल्यांदा शंका यायला हवी होती. आली नाही, कारण पोस्ट आपल्याबद्दल चांगलं बोलत होती.

बरं, ग्रहण झालं होतं, ते शंभर टक्के खरं आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण, त्याचा पट्टा एडनकडून आला, अरबी समुद्र ओलांडून भारतावर चढला, आडवा बंगालच्या उपसागरात गेला आणि पुढे सयामपर्यंत, म्हणजे आताचं थायलंड. तिथल्या राजानं, मोंगकुटनं, स्वतः गणित करून ग्रहणाची वेळ काढली होती, परदेशी पाहुण्यांना बोलावून जंगलात जाऊन ग्रहण पाहिलं, गणित अगदी बरोबर आलं, पण तिथं मलेरिया झाला आणि पुढच्या दीड महिन्यात राजा गेला. यावर एक वेगळा व्हिडिओ होईल, आठवण करा मला.

आता भारतात कोण कुठे बसलं होतं ते बघा. फ्रान्सचा पियर जान्सेन थेट आंध्रात गुंटूरला, एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या बंगल्यावर यंत्रं मांडून. इंग्रजांचा मेजर टेनंट, तोही गुंटूरलाच. मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉगसन मच्छलीपट्टणमला. सगळे पूर्वेकडे, बघताय ना. आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू, तो होता जमखंडीला. आपल्या पटवर्धनांचं संस्थान, आता कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात. नकाशावर विजयदुर्गावरून सरळ पूर्वेला रेघ ओढा, घाट चढून पुढे गेलात की जमखंडी येतं. आणि घाटापलीकडे जाऊनसुद्धा त्या बिचाऱ्याला ढगांनी छळलंच, मधे जरा फट मिळाली तेवढ्यात त्यानं बघून घेतलं. पोस्टवाल्यांनो, जमखंडीबद्दल एक तरी पोस्ट करा की.

आणि लॉकियर? लॉकियर इंग्लंडमध्ये. घरी. तो तेव्हा वॉर ऑफिसात कारकून होता, आकाश बघणं हा त्याचा फावल्या वेळचा छंद, आणि त्यानं एक चांगला स्पेक्ट्रोस्कोप बनवायला टाकला होता तो बनवणाऱ्यानं वेळेत दिलाच नाही. ग्रहण झालं ऑगस्टमध्ये, यंत्र हातात आलं ऑक्टोबरमध्ये. म्हणजे ज्या दिवशी तो आपल्या तटबंदीवर उभा होता असं आपण म्हणतोय, त्या दिवशी तो माणूस भारतात तर नव्हताच, पण त्याचं यंत्रसुद्धा तयार नव्हतं.

आता स्पेक्ट्रोस्कोप म्हणजे काय ते सांगतो, पण त्यासाठी स्वयंपाकघरात चला.

(गॅसची क्लिप)

हे काल रात्रीचं शूटिंग. मुद्दाम कुकर न लावता पातेल्यात भात टाकला, मीठ घालून, आणि झाकण ठेवून उतू जाऊ दिला. आई मागून ओरडतेय तो आवाज कट केलाय. आता ज्योतीकडे बघा. निळी, निळी, निळी, आणि हे पाणी बर्नरवर सांडलं... झाली की नाही पिवळी? हे तुम्ही हजार वेळा बघितलंय. ते पिवळं कशामुळे, तर मिठातल्या सोडियममुळे. सोडियम तापलं की ते ठरलेला पिवळाच प्रकाश देतं, त्यात बदल नाही. रस्त्यावरचे ते जुने पिवळेधमक दिवे आठवतात, तेही सोडियमचेच. तसं प्रत्येक मूलद्रव्याचं आपापलं ठरलेलं असतं, हायड्रोजनच्या आपल्या रेघा, लोखंडाच्या आपल्या. स्पेक्ट्रोस्कोप काय करतो, तर आलेला प्रकाश एका बारीक फटीतून घेऊन त्याचे रंग फाकवतो, मग त्या रेघा सुट्या सुट्या दिसतात. १८५९ च्या सुमारास जर्मनीत किर्खहॉफ आणि बुनसेन या दोघांनी हे पक्कं बसवलं की रेघ बघा आणि पदार्थ ओळखा, मग तो पदार्थ समोरच्या बर्नरवर असो नाहीतर पंधरा कोटी किलोमीटरवर सूर्यात असो. म्हणजे न जाता, हात न लावता. मला हे अजूनही जादूच वाटते, खरंच.

तर १८६८ ला सगळे कशाची वाट बघत होते, तर ग्रहणात चंद्रानं सूर्य पूर्ण झाकला की कडेनं लालसर ज्वाळा दिसतात, सौरज्वाला, त्या कशाच्या बनल्यात? स्पेक्ट्रोस्कोप लावला, लख्ख रेघा दिसल्या, म्हणजे ज्वाळा तापलेल्या वायूच्या, मुख्यतः हायड्रोजनच्या. आणि त्यात एक पिवळी रेघही दिसली. सगळ्यांना वाटलं सोडियम. वाटणारच, पिवळी रेघ म्हटलं की सोडियम. पॉगसननं तेवढं नोंदवून ठेवलं की ही रेघ सोडियमच्या जागी आहे, किंवा तिच्या जवळ. हे "किंवा जवळ" लक्षात ठेवा.

जान्सेनचं वेगळंच चाललेलं. ग्रहण चालू असतानाच त्याच्या डोक्यात आलं की या रेघा इतक्या लख्ख आहेत तर या ग्रहण नसतानाही दिसायला पाहिजेत. दुसऱ्या दिवशी सकाळी, १९ तारखेला, नुसत्या उघड्या सूर्याच्या कडेवर त्यानं यंत्र लावलं आणि दिसल्या! म्हणजे आत्तापर्यंत वर्षानुवर्षं वाट बघून दोन-पाच मिनिटं जे मिळायचं ते आता रोज, चहा पिऊन झाल्यावर. त्यानं पॅरिसला कळवलं, पण पत्र जहाजानं, सुएझ कालवा अजून उघडायचा होता, त्यामुळे पोचायला वेळ लागला. इकडे लंडनला लॉकियरच्या हातात यंत्र पडलं आणि २० ऑक्टोबरला त्यानंही ग्रहणाशिवाय तेच करून दाखवलं. त्याची बातमी आणि जान्सेनचं पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचलं, २६ ऑक्टोबरला, काही मिनिटांच्या फरकानं. हे सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हणलो असतो काहीही दाखवतात. फ्रेंच सरकारनं शेवटी दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले, मिटवला विषय.

आणि आता तो "किंवा जवळ". सोडियमच्या दोन रेघा असतात, एकमेकींना चिकटून, ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरवर (प्रकाशाच्या तरंगाची लांबी यात मोजतात), त्यांना डी-वन डी-टू म्हणतात. लॉकियरला घरी निवांत बसून मोजायला वेळ होता, ग्रहणासारखी घाई नव्हती. त्याला दिसलं की सूर्यातली पिवळी रेघ या दोन्हीवर बसतच नाही, ती ५८७.६ च्या आसपास आहे. दीडएक नॅनोमीटरचा फरक. पुठ्ठ्याचं खोकं आणि जुन्या सीडीचा तुकडा वापरून मी जो स्पेक्ट्रोस्कोप केलाय, हा बघा, यात हा फरक काही केल्या दिसत नाही, दोन्ही पिवळं ते पिवळंच. पण त्या फरकात एक अख्खं मूलद्रव्य लपलं होतं. तिला नाव पडलं डी-थ्री.

लॉकियरनं फ्रँकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला धरून प्रयोगशाळेत हायड्रोजनला सगळ्या परींनी छळून बघितलं, की बाबा तूच ही रेघ देतोस का. नाही आली. मग उरलं काय, तर असा पदार्थ जो सूर्यावर आहे आणि पृथ्वीवर कुणी पाहिलेला नाही. हेलिओस म्हणजे ग्रीकमध्ये सूर्य, त्यावरून हेलियम. आणि शेवटी "इयम" का, सोडियम, कॅल्शियमसारखं? कारण त्यांना वाटलं धातू असेल! नाव चुकीच्या अंदाजावर पडलं आणि कायमचं चिकटलं.

बरं, यावर लोकांनी विश्वास ठेवला का? अनेकांनी नाही ठेवला. आणि त्यांचंही बरोबरच होतं, एका रेघेवर तुम्ही नवीन मूलद्रव्य जाहीर करणार? हे असंच सत्तावीस वर्षं लोंबकळत राहिलं. मग मार्च १८९५, लंडनला विल्यम रॅमसे नावाचा रसायनशास्त्रज्ञ युरेनियमचं एक खनिज, क्लेव्हाइट, ॲसिडमध्ये घालून निघणारा वायू तपासत होता, तो शोधत होता आर्गॉन नावाचा वायू. यंत्रातून बघतो तर पिवळी रेघ. क्रूक्स नावाच्या शास्त्रज्ञाकडून मोजून घेतली, डी-थ्री! सूर्यावरचा माल दगडात. दगडात कुठून आला तर युरेनियमसारखे किरणोत्सारी अणू फुटताना जे अल्फा कण बाहेर पडतात ते म्हणजे हेलियमचे गाभेच, पण हे कळायला अजून काही वर्षं जायची होती.

आता तुम्ही म्हणाल मग विजयदुर्गाचं काय, सगळं थापच का? तिथं ते चौथरे आहेत, लोक त्याला साहेबाचे कट्टे म्हणतात, कुणी साहेबाचे ओटे म्हणतात, ते काय कुणी उगाच बांधले?

नाही! साहेब खरंच आला होता. तोच साहेब, नॉर्मन लॉकियर. पण आला १८९८ ला. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण, याचा पट्टा नेमका विजयदुर्गाशी किनाऱ्याला लागला आणि महाराष्ट्रातून तिरका वर गेला. जानेवारी, कोकण, निरभ्र आकाश, आता जमतंय ना गणित? मेलपोमिनी नावाची इंग्रजांची युद्धनौका मदतीला होती, तिच्यावरच्या लोकांना हाताशी धरून यंत्रं मांडली, आणि यंत्रं हलू नयेत म्हणून पक्के चौथरे लागतात, ते हे. दोन मिनिटांचा खेळ, त्यासाठी एवढा सरंजाम. पण तोपर्यंत रॅमसेनं हेलियम बाटलीत भरून तीन वर्षं होत आली होती.

म्हणजे झालं काय असणार, माझा अंदाज हं हा, साहेब खरा, किल्ला खरा, ग्रहण खरं, हेलियमही त्याचंच, फक्त दोन ग्रहणं एकात कालवली गेली. १८६८ आणि १८९८, लिहून बघा, एका आकड्याचा फरक. आणि लॉकियर मधे १८७१ च्या ग्रहणालाही भारतात येऊन गेलाय, तेव्हा बसला होता केरळात बेकलच्या किल्ल्यावर, तोही समुद्राकाठचाच. गोंधळ व्हायला सगळी सोय त्यानंच करून ठेवलीये.

मला खरी हळहळ कशाची वाटते सांगू का, त्या पोस्टपायी १८९८ चं कुणाला माहीतच नाही. त्या दिवशी महाराष्ट्रात नुसती जत्रा होती. करमाळ्याजवळ जेऊर, पुणे-सोलापूर रेल्वेवरचं स्टेशन, तिथं अमेरिकेच्या लिक वेधशाळेची माणसं उतरलेली, आणि तिथंच पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली स्वतःची यंत्रं घेऊन. पुलगावला इंग्रजांची एक टीम. तळणीला सूर्याचा अभ्यास करणारी ॲनी माँडर, तिनं स्वतःच्या कॅमेऱ्यानं सूर्याच्या प्रभामंडलाचा, म्हणजे खग्रासात सूर्याभोवती दिसणाऱ्या झळाळीचा, एक इतका लांब किरण टिपला की तेवढा लांब तोवर कुणाच्या फोटोत आला नव्हता. जेऊरवरून जाताना गाडी थांबते तेव्हा आपण काय बघतो, वडापाव आलाय का.

असो. यंदा काकांची पोस्ट आली तेव्हा मी हे सगळं टाइप केलं, लांबलचक मेसेज, ग्रुपवर टाकला. दोन तास कुणी काही बोललं नाही, फक्त एका आत्यानं हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. मग काकांचा रिप्लाय आला.

"म्हणजे साहेब आला होता ना?"

मी लिहिलं, आला होता काका, फक्त तीस वर्षं उशिरा.

त्यावर त्यांनी अंगठा दाखवला, आणि दहा मिनिटांनी तीच पोस्ट सोसायटीच्या ग्रुपवर दिसली.