परक्याशी गाठ : आजही वाचाव्यात अशा काही विज्ञानकादंबऱ्या

मित्रहो, आज मी पाच जुन्या विज्ञानकादंबऱ्या तुमच्यापुढे ठेवणार आहे. निवडताना कसोटी एकच लावली. जो माणूसच नाही, किंवा आपल्यासारखा माणूस नाही, असा कुणी समोर येऊन ठाकला तर आपण कसे वागतो? हा प्रश्न ज्यांनी खरोखर धसास लावला, तीच पुस्तकं घेतली. म्हणूनच आयझॅक अॅसिमोव्ह यांची ‘फाउंडेशन’ इथे नाही. १९५१ची ती कादंबरी आजही रंगते, पण तिच्या अख्ख्या आकाशगंगेत माणसाशिवाय दुसरं कुणी नाहीच.

सुरुवात मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेनस्टाइन’पासून. १८१६च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी त्यांनी ती लिहायला घेतली तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या. पुस्तक १८१८ साली निघालं, तेही लेखिकेच्या नावाविना. चित्रपटांमुळे आपल्या मनात अडखळत चालणारा, जेमतेम गुरगुरणारा राक्षस बसला आहे. पुस्तकात फ्रँकेनस्टाइन नावाच्या तरुण संशोधकाने घडवलेला हा जीव बोलतो, आणि फार सुंदर बोलतो. एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून, फटीतून बघत, ऐकत तो भाषा शिकतो; पुढे मिल्टनचं ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य वाचतो. मध्यावर त्याच्याच तोंडून येणारे अध्याय आहेत, ते सावकाश वाचा. त्याच्या हातून पहिला खून होण्याच्या कितीतरी आधी त्याच्या निर्मात्याचा अपराध घडून गेलेला असतो. जन्म देऊन त्याने पाठ फिरवलेली असते.

एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे थोडक्यात सांगतो. १८९८ सालच्या या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात वेल्स वाचकाला बजावतात: पृथ्वीवर चाल करून आलेल्या मंगळवासीयांना क्रूर म्हणण्याआधी युरोपीयांनी ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरच्या मूळ लोकांचा कसा संहार केला ते आठवा. ब्रिटिश साम्राज्य ऐन भरात असताना, त्याच्या राजधानीला राखेत लोळवणाऱ्या कादंबरीत हे लिहायला छाती लागते.

माझ्या मते या विषयावरचं सर्वश्रेष्ठ पुस्तक मात्र पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांचं ‘सोलारिस’, १९६१चं. एका दूरच्या ग्रहावर समुद्र आहे आणि तो समुद्रच बहुधा एक सजीव आहे. कित्येक पिढ्या शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करताहेत. लेम त्या अभ्यासाचा इतिहास पानंच्या पानं सांगतात: पंथ, खंडनमंडन, वर्गीकरणं, जाडजूड ग्रंथ. बरेच वाचक ही पानं भराभर उलटतात. कृपा करून उलटू नका. प्रत्येक आकाराला नाव देऊन झालं, कपाटं भरली, आणि समुद्राबद्दल कळलं काहीच नाही, हे सारं दुःख त्या पानांतच आहे. मग नायक केल्व्हिन तिथल्या तळावर पोचतो. झोपेतून जागा होतो तर खोलीत हारेय बसलेली! त्याचं जिच्यावर प्रेम होतं आणि जिने त्यांच्या भांडणानंतर जीव दिला होता, ती. समुद्राने ती त्याच्या स्मृतीतून घडवली आहे. शिक्षा म्हणून, भेट म्हणून, की सहज चाचपून पाहावं म्हणून? लेम सांगत नाहीत. आणि हळूहळू त्या हारेयलाच उमगू लागतं की आपण ती नव्हेच. तिथून पुढे मला केल्व्हिनपेक्षा तिची काळजी वाटू लागते.

अर्काडी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या रशियन बंधूंची ‘रोडसाइड पिकनिक’ १९७२ची. परग्रहवासी आले, काही जागी थांबले आणि निघून गेले. मागे राहिलेल्या जीवघेण्या वस्तू माणसं चोरून आणतात, विकतात. त्यातला एक शास्त्रज्ञ म्हणतो, ती मंडळी कदाचित वाटेत सहलीला थांबली असतील. आपण म्हणजे त्यांच्या उरलेल्या कचऱ्याभोवती जमलेले किडेमुंग्या. त्यांनी आपल्याकडे पाहिलंसुद्धा नसेल, ही शक्यता मला कुठल्याही आक्रमणापेक्षा जास्त हादरवते.

शेवटी अर्सुला ल ग्विन यांची १९६९ची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’. गेथेन या गोठलेल्या ग्रहावरची माणसं ना कायमची पुरुष, ना स्त्री. महिन्यातले थोडे दिवस त्यांच्यात कामभाव जागतो आणि त्या वेळी कुणीही कुणीही होऊ शकतं. राजालाही दिवस जाऊ शकतात. तिथे एक दूत येतो, एकटा, कारण एकट्या माणसाची कुणाला धास्ती वाटत नाही. त्याला एस्त्राव्हेन नावाच्या मुत्सद्द्याबद्दल संशय आहे, आणि त्याच्याचबरोबर त्याला हिमनदी ओलांडावी लागते. तंबू, स्लेज, मोजून घेतलेलं अन्न. या प्रवासात मैत्री ज्या तऱ्हेने उगवते, तसं लेखन मी इतरत्र क्वचितच वाचलं आहे. सगळ्यांसाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरल्याबद्दल ल ग्विन यांच्यावर टीका झाली, आणि पुढे त्यांनी स्वतःच त्यावर पुनर्विचार करून लिहिलं.

इंग्रजीतून वाचणाऱ्यांसाठी दोन सूचना. ‘सोलारिस’चा जुना अनुवाद फ्रेंच अनुवादावरून झालेला आहे, बिल जॉन्स्टन यांचा २०११चा थेट पोलिशमधून आहे, तो मिळवा. ‘फ्रँकेनस्टाइन’ची शक्यतो १८१८ची आवृत्ती घ्या, १८३१ची सुधारित नको. आणि ल ग्विन यांची पहिली काही प्रकरणं अनोळखी नावांनी जड जातील, पण हिमनदीपर्यंत पोचण्याआधी पुस्तक खाली ठेवू नका.